पाटी एकाची, चूल दुसऱ्याची

परमुलखी बदली झाली म्हणजे सरकारी नोकर पहिली चौकशी घराची करतो आणि दुसरी मुलांच्या शाळेची. तिसरी चौकशी तो सहसा उघडपणे करीत नाही; परंतु बिऱ्हाड येऊन पोहोचेपर्यंतच्या दिवसांत तीच त्याला सर्वांत अधिक छळते. ती म्हणजे जेवणाची. आरंभी तो हमरस्त्यावरच्या पाट्या वाचीत हिंडतो, मोठ्या अक्षरांना भुलतो आणि दोन-चार वेळा निराश होऊन परततो. पुढे कचेरीतील एखादा जुना कारकून त्याला बाजारामागच्या बोळात घेऊन जातो. तेथे पाटी नसते, असलीच तर तिचा रंग उडालेला असतो. पण आत बसलेली माणसे आपल्या घरी जेवावे तशी जेवीत असतात. आम्हां परप्रांतवासी मराठी माणसांना हा अनुभव नवा नाही.

हीच शोधाशोध एखाद्या अवाढव्य परक्या शहरात करावयाची म्हटले तर कोणत्या खुणेवर विसंबावे? लंडन शहराचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. आपल्याकडील अन्न तेथे दोनशे वर्षांहून अधिक काळ विकले जात आहे. या अन्नाचा इतिहास पाहू गेले असता एक गोष्ट सतत आढळते. दाराबाहेर जे नाव लिहिलेले असते, ते आत चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे फारच क्वचित असते. चांगले भोजनगृह शोधणे म्हणजे बहुतेक वेळा हे अंतर ओळखणे होय, असे आम्हांस वाटते.

आरंभ 'करी' या शब्दापासूनच करावा लागेल. मराठी घरात आमटी असते, सार असते, रस्सा, कालवण, उसळ, पिठले असते. यांतील कोणत्याही पदार्थास आपली आजी 'करी' म्हणाली नसती. दक्षिणेकडील 'करि' हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला आणि जाता जाता हिंदुस्थानातील यच्चयावत रसदार पदार्थांना त्याने आपल्या पोटात घेतले. १७४७ साली लंडनमध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाकशास्त्रावरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' करण्याची कृती आहे. मसाला म्हणून भाजलेले धणे आणि मिरी एवढेच काय ते सांगितले आहे. प्लासीची लढाई व्हावयाला त्या वेळी दहा वर्षे अवकाश होता. राज्य येण्यापूर्वीच करी येऊन पोहोचली होती.

कंपनीच्या चाकरीत गबर होऊन परतलेल्या इंग्रजांना त्यांचे देशबांधव 'नेबॉब' म्हणून हिणवीत. या नेबॉबांना बंगाल-मद्रासच्या स्वयंपाकाची चटक लागलेली होती. त्यांच्यासाठी १८१० साली पोर्टमन चौकाजवळच्या जॉर्ज रस्त्यावर 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' उघडले. हे लंडनमधील एतद्देशीय माणसाने चालविलेले पहिले भोजनगृह मानले जाते. मालक होता साके दीन महोमेद. पाटण्यास १७५९ साली जन्मलेला हा गृहस्थ कंपनीच्या बंगाली फौजेत वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडातील कॉर्क शहरी गेला, तेथील आयरिश मुलीशी त्याने लग्न केले आणि १७९४ मध्ये आपला प्रवासवृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारा पहिला भारतीय म्हणून त्याची गणना होते. त्याच्या भोजनगृहात वेताची आसने होती, भिंतींवर हिंदुस्थानी देखावे होते, हुक्क्याची स्वतंत्र खोली होती. १८११ च्या मार्चमध्ये 'टाइम्स' पत्रात त्याने जाहिरातही दिली. परंतु १८१२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

या अपयशाचे कारण उघड आहे. ज्या नेबॉबांसाठी हा खटाटोप केला, त्यांनी आपापले आचारी हिंदुस्थानातून बरोबरच नेलेले होते. घरी मिळणारी वस्तू विकत घेण्यास ते बाहेर कशाला जातील? आणि ज्यांना या अन्नाची खरी भूक होती, त्यांच्या खिशात पैसा नव्हता. दीन महोमेद मात्र खचला नाही. पुढे ब्रायटन येथे चंपीचे स्नानगृह काढून त्याने मोठे नाव कमावले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम हे दोन राजे त्याचे आश्रयदाते झाले. १८५१ मध्ये तो वारला. त्याच्या भोजनगृहाच्या स्मरणार्थ जॉर्ज रस्त्यावर २००५ साली एक फलक बसविण्यात आला. पाटी परत मिळावयाला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

ही खरी भूक असलेली माणसे कोण? ती थेम्सच्या गोद्यांत होती. कंपनीच्या आणि पुढे आगबोट कंपन्यांच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने असत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार कितीतरी कमी मिळे. परतीचे जहाज मिळेपर्यंत ते लंडनच्या पूर्व भागात थंडीत कुडकुडत दिवस काढीत. त्यांची दैना पाहून १८५७ साली लाइमहाउस भागात परकी आशियाई खलाशांसाठी एक आश्रयगृह काढण्यात आले. इकडे सत्तावनचा वणवा पेटलेला असताना तिकडे आपल्या खलाशांसाठी सदावर्ताची इमारत उभी राहत होती, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग होय. त्या काळापासून लंडनमध्ये आपल्या अन्नाचे दोन प्रवाह दिसू लागतात. हिंदुस्थान पाहून आलेल्या साहेबाच्या आठवणीवर एक चाले. हिंदुस्थान सोडून आलेल्या माणसाच्या भुकेवर दुसरा.

विद्यार्थ्यांची अवस्था या दोहोंच्या मधली होती. १८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. आईला दिलेल्या वचनामुळे मांस वर्ज्य, आणि घरमालकिणीच्या उकडलेल्या भाज्यांनी पोट भरेना. आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की, शाकाहारी भोजनगृहाच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन रस्त्यावर तसे एक गृह दिसले, आणि विलायतेस आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण त्यांना तेथे मिळाले. ते भोजनगृह इंग्रजांचे होते, अन्नही इंग्रजी होते. लंडनमध्ये त्यांना आपल्या मनाजोगे जेवण मिळाले ते भारतीय पाटीखाली नव्हे.

पुढे वीस-एकवीस वर्षांनी चित्र थोडे पालटले होते. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी बेजवॉटर भागात निजामुद्दीन यांच्या भोजनगृहात हिंदी मंडळींनी दसऱ्याचे भोजन केले. अध्यक्षस्थानी गांधी होते आणि दुसरे वक्ते होते विनायक दामोदर सावरकर. वादग्रस्त राजकारण बोलावयाचे नाही, अशी अट होती. तेव्हा एकाने रामचंद्राच्या चरित्रातून आपला अर्थ काढला आणि दुसऱ्याने रामाने केलेल्या रावणवधातून आपला. मुसलमान गृहस्थाच्या भोजनगृहात हिंदूंचा सण, आणि एकाच पंक्तीस हे दोन पुरुष! तेथील जेवण कसे होते हे विचारण्याचे कारण नाही. ज्या जागी परदेशातील आपली माणसे सण साजरा करावयास जमतात, ती जागा भोजनगृह म्हणून यशस्वी झाली असेच समजावे.

पहिल्या महायुद्धानंतर हे दोन्ही प्रवाह स्पष्ट झाले. १९२० मध्ये गेरार्ड रस्त्यावर 'शफी' हे भोजनगृह निघाले. लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांचा तो अड्डाच झाला. १९२६ मध्ये उच्चभ्रू रीजंट रस्त्यावर 'वीरस्वामी' उघडले. नाव दाक्षिणात्य; परंतु संस्थापक होते एडवर्ड पामर. त्यांचे पणजोबा कंपनीच्या फौजेतील इंग्रज सेनापती, तर पणजी मोगल घराण्याशी संबंध सांगणारी बेगम. १९२४-२५ च्या वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात भारतीय जेवणाची व्यवस्था पामर यांच्याकडे होती. त्या यशातून हे भोजनगृह निर्माण झाले. फेटेवाले वाढपी, गालिचे, आणि पंक्तीला निवृत्त कलेक्टर, कर्नल, न्यायाधीश.

या निवृत्त साहेबांविषयी आम्हा नोकरवर्गास थोडी सहानुभूती वाटावयास हवी. आपल्या मुलखात असताना हेच गृहस्थ डबाबंद विलायती मासे मागवून खात आणि मायदेशाच्या आठवणीने उसासे टाकीत. मायदेशी परतल्यावर त्यांना खानसाम्याच्या हातची करी आठवू लागली. ज्याची उमेद बदल्यांत गेली, त्याला कोणतेच गाव पुरतेपणी आपले राहत नाही आणि कोणतेच पुरते परकेही होत नाही. 'वीरस्वामी'ने त्यांना ही आठवण विकली, आणि ती उत्तम खपली.

परंतु इंग्लंडच्या गावोगावी ज्यांनी भारतीय भोजनगृह नेले, ते ना पामर होते ना पंजाबी विद्यार्थ्यांचे यजमान. ते होते सिल्हेटचे खलाशी. त्या काळी आसामात मोडणारा हा बंगालीभाषी जिल्हा. कलकत्त्याहून निघणाऱ्या आगबोटींच्या भट्टीखान्यात कोळसा ओढण्याचे आणि आग पेटती ठेवण्याचे काम ही माणसे करीत. बोटीवरचा सारंग आपल्याच गावची पोरे भरती करी. त्यामुळे एकाच परगण्यातील माणसे एका बोटीवर सापडत. भट्टीपुढची उष्णता असह्य झाली, की कित्येकजण लंडनच्या गोदीत बोट सोडून पसार होत. पत्ता एकच ठाऊक असे. कमर्शियल रस्त्यावर अयूब अली 'मास्तर' नावाच्या त्यांच्याच मुलखातील एका माजी खलाशाने 'शाह जलाल' हे उपाहारगृह चालविले होते. सिल्हेटच्या पूज्य अवलियाचे नाव त्याला दिलेले होते. पळून आलेल्या पोरास अयूब अली जेवू घालीत, निजावयास जागा देत, कागदपत्रे करून देत, पत्रे लिहून देत. १९४३ मध्ये त्यांनी शाह अब्दुल मजीद कुरेशी यांच्या साह्याने हिंदी खलाशांची कल्याणसंस्थाही काढली. या माणसांच्या आठवणी कॅरोलाइन ॲडम्स या बाईंनी १९८७ मध्ये 'सात समुद्र आणि तेरा नद्यांपार' अशा अर्थाच्या नावाने ग्रंथबद्ध केल्या. त्या झाल्या नसत्या तर हा इतिहास त्या पिढीबरोबरच नाहीसा झाला असता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बाँबने मोडकळीस आलेली लहान उपाहारगृहे आणि तळलेल्या माशांची दुकाने स्वस्तात मिळू लागली. भोजनगृहांच्या मुदपाकखान्यात भांडी घासून चार पैसे जमविलेल्या सिल्हेटींनी ती घेतली. आरंभी मासे आणि बटाटेच विकावयाचे, कोपऱ्यात एका पातेल्यात करी-भात ठेवावयाचा. रात्री मद्यगृहे बंद झाली की भुकेलेले इंग्रज या एकमेव उघड्या दुकानात शिरत. मासे संपलेले असत, मग करी खात. हळूहळू मासे गेले आणि करी राहिली.

या करीची कारागिरी पाहण्याजोगी आहे. सकाळी एका मोठ्या हंड्यात ढीगभर कांदा, आले, लसूण आणि मसाला घालून एक सामाईक रस शिजवून ठेवावयाचा. रात्री मागणी येईल तसा तो लहान कढईत घेऊन, त्यात निराळी पूड टाकून, पाच-सात मिनिटांत पदार्थ पुढे करावयाचा. त्यामुळे पदार्थांची नावे ही पदार्थांची न राहता तिखटाची मापे झाली. सौम्य हवे तर 'कोर्मा', जहाल हवे तर 'मद्रास', त्याहून जहाल ते 'विंदालू'. मद्रासच्या माणसाने 'मद्रास' नावाची करी कधी ऐकली नव्हती. विंदालू हा तर आपल्या गोव्याचा. पोर्तुगीजांच्या मद्य-लसणीत मुरविलेल्या मांसाचे गोवेकरांनी माडीच्या आंबवणीवर केलेले रूपांतर. त्याचा प्राण आंबटपणात आणि लसणीत. लंडनमध्ये तो केवळ जिभेची परीक्षा होऊन बसला, आणि नावातील 'आलू' ऐकून कोणी त्यात बटाटेही टाकले. पारशांचे धनसाक काही ठिकाणी अननसाचे तुकडे लेवून आले. १९६६ मध्ये मॉर्टिमर रस्त्यावर 'गेलॉर्ड' निघाले आणि फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांनी दिल्लीत लोकप्रिय केलेला तंदूर लंडनलाही पोहोचला. तोही या यादीत जाऊन बसला.

आता या यादीकडे पुन्हा पाहावे. गोवा आहे, मद्रास आहे, काश्मीर आहे, पारशी आहेत, पंजाब आहे. नाही फक्त सिल्हेट. जो माणूस हे सारे रांधीत होता, त्याच्या घरचा एकही पदार्थ त्यात नव्हता. दुकान बंद झाल्यावर आतल्या खोलीत नोकरमंडळी जेवावयास बसत, तेव्हा त्यांच्या पानात निराळेच अन्न असे : नदीच्या माशांचे पातळ कालवण, 'सातकरा' नावाच्या जाड सालीच्या लिंबाने आंबट केलेले मटण, आणि सुकी मासळी घालून केलेली 'शुटकी'. सुक्या मासळीचा वास परमुलखात काय करतो, हे कोकणातील वाचकास सांगावयास नको. ते जेवण पाटीवर आले नाही, कारण गिऱ्हाईक ते मागणार नाही, अशी मालकाची खात्री होती. ती बहुधा खरीही होती.

नावाची कथाही तशीच. १९४७ च्या जुलैत झालेल्या सार्वमताने सिल्हेटचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. १९७१ मध्ये तो बांगलादेशचा झाला. आचाऱ्याचे राष्ट्र दोनदा बदलले. पाटीवरचा 'इंडियन' हा शब्द एकदाही बदलला नाही. गिऱ्हाइकास तोच शब्द ओळखीचा होता आणि दुकान चालले तरच गावाकडे पैसे जाणार होते. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या इंग्लंडप्रवेशावर परवान्याचे बंधन आले. तेव्हा आधी आलेल्यांनी भाऊ-पुतणे घाईने बोलावून घेतले आणि मुदपाकखाने भरले. ब्रिक लेन हा रस्ता त्यांचा झाला. ज्यांनी आपले नाव बाजूस ठेवून दुसऱ्याच्या नावावर अन्न शिजविले, त्यांना फसवे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्ही तरी परप्रांतात 'बाँबेवाले' म्हणून ओळखले गेल्यावर प्रत्येक वेळी आपला जिल्हा कोठे सांगत बसतो?

त्याच काळात दुसरा प्रवाहही फुगत होता. साउथॉलला पंजाबी कामगारांची वस्ती झाली. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती वेम्बली भागात आले. टूटिंग आणि ईस्ट हॅम येथे दाक्षिणात्यांची घरे झाली. या वस्त्यांतील भोजनगृहांना इंग्रज गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नव्हती. व्हाइटचॅपलच्या बोळात लाहोरी चवीचे कबाब मिळू लागले ते शिवणकामाच्या कारखान्यांतील मजुरांसाठी. यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड रस्त्यावर सत्तरच्या सुमारास भेळपुरीचे दुकान निघाले, आणि चौपाटीवरचा पदार्थ थेम्सकाठी मिळू लागला. तेथे सामाईक हंडा नव्हता. कारण समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या आईच्या हातची चव ठाऊक होती. गिऱ्हाईक जाणते असले की आचारी प्रामाणिक राहतो.

सरकारी नोकरांच्या दृष्टीने मात्र लंडनमधील सर्वांत आपुलकीची जागा 'इंडिया क्लब' ही होती. कृष्ण मेनन आणि इंडिया लीगची मंडळी यांनी १९५१ मध्ये तिची स्थापना केली. पुढे स्ट्रँड रस्त्यावर, आपल्या उच्चायुक्त कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, एका अरुंद जिन्याने चढून जावयाच्या खोल्यांत ती स्थिरावली. डोसा, डाळ, साध्या खुर्च्या, भिंतीवर गांधी-नेहरूंची चित्रे. तेथे थाट नव्हता, आणि तो नसल्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये जागेच्या मालकांच्या पुनर्बांधणीच्या योजनेपुढे हार खाऊन ती बंद झाली.

२००१ साल या इतिहासात मोठे मानाचे. त्या एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 'चिकन टिक्का मसाला' हा खऱ्या अर्थाने ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. त्याच वर्षी लंडनमधील दोन भारतीय भोजनगृहांना मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा प्रथमच मिळाला. परंतु ज्यांनी तो राष्ट्रीय पदार्थ गावोगावी नेला, त्यांची ओहोटी पुढे लवकरच लागली. रनीमीड ट्रस्टच्या पाहणीनुसार ब्रिक लेनवर या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास साठ बांगलादेशी भोजनगृहे होती. २०२० च्या आरंभी ती तेवीस उरली. भाडी वाढली, गावाकडून आचारी आणण्याचे नियम कडक झाले; आणि मुलांनी कढईपुढे उभे राहू नये म्हणून ज्या बापांनी पन्नास वर्षे कढई हलविली, त्यांची मुले खरोखरच वकील-डॉक्टर झाली. हे दुकानाचे अपयश म्हणावे की बापाचे यश?

मराठी माणूस या साऱ्यात कोठे होता? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. तेथे गणपती बसतो, पुरणपोळी होते. पण पाटी लावून अन्न विकण्याच्या धंद्यात आपण फार उशिरा पडलो. आपण विद्यार्थी म्हणून गेलो, वैद्य म्हणून गेलो, अधिकारी म्हणून गेलो. घरी स्वयंपाक होत होता आणि महिन्याचा पगार येत होता. ज्याला पगार आहे तो खाणावळ काढीत नाही. २०१० मध्ये हाउन्स्लो येथे दोघा मुंबईकर मित्रांनी वडापावचे दुकान काढले, तेही नोकरी गेल्यावर. गरज पडल्याखेरीज चूल चौकात येत नाही, हा नियम आपल्यालाही चुकलेला नाही.

तेव्हा मोठ्या शहरात चांगले जेवण कसे शोधावे, या प्रश्नाला लंडनचा इतिहास दोन उत्तरे देतो. पहिले जुनेच आहे : आत कोण जेवते ते पाहावे. दुसरे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते : दुकान बंद झाल्यावर आचारी काय जेवतो ते विचारावे. अलीकडे लंडनच्या पूर्व भागात काही दुकानांत सातकरा आणि शुटकी उघडपणे मिळू लागली आहेत. सिल्हेटचे नाव पाटीवर येऊ लागले आहे. जेथे आचारी स्वतःचे जेवण गिऱ्हाइकापुढे ठेवू लागतो, तेथे जेवण बहुधा चांगलेच असते.

आपल्या बदलीच्या गावीही हे करून पाहावे. 'महाराष्ट्रीय भोजन' अशी पाटी वाचून आपण आत शिरतो. भाकरी थापणारा असतो गढवालचा, नाहीतर ओरिसाचा, नाहीतर नेपाळातला. पिठल्यात गूळ पडला म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याला त्याचे गाव विचारावे, आणि तिकडे काय रांधतात तेही. तोही आपल्यासारखाच बदलीवर आलेला आहे. आपल्याला निदान प्रवासभत्ता मिळाला होता.